श्वास मागे राहिला तो का?

महाराष्ट्रातल्या मज्जारज्जूच्या दुखापतींचा इतिहास सांगायला घेतला की तो पायांपासून सुरू होतो. 1955 साली मुंबईत हाजीअलीला उभी राहिलेली पुनर्वसन संस्था, 1974 पासून खडकीत जायबंदी जवानांना सांभाळणारं केंद्र, 1965 च्या युद्धात गोळ्या झेलून 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर. ही नावं अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. पण या इतिहासात येतात ती बहुतेक माणसं श्वास शाबूत राहिलेली. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जाखंडातून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू पूर्ण तुटला तर श्वास तिथेच थांबतो. अशा वेळी दवाखान्याचं अंतर जीवघेणं ठरतं. मालेगावचंच उदाहरण घ्या: ते मुंबई–आग्रा रस्त्यावरचं शहर, आणि नाशिक तिथून शंभरएक किलोमीटर. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका धावू लागली ती 2014 साली. त्याआधी महामार्गावर अशी मान मोडलेला माणूस बहुधा अपघाती मृत्यूंच्या नोंदीत गेला, रुग्णांच्या नोंदीत नाही. श्वास परत आणण्याचा प्रश्न आपल्याकडे मागे राहिला त्याचं मोठं कारण, माझ्या मते, हेच: ज्यांना त्याची गरज होती ते दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याचं उत्तर आशादायक आहे. 1895 साली अमेरिकेत पोर्टर यांनी प्राण्यांचा मज्जारज्जू मानेत एका बाजूने कापला. त्या बाजूचं श्वासपटल निपचित पडलं. मग त्यांनी विरुद्ध बाजूची फ्रेनिक नस तोडली, आणि निपचित अर्धं श्वासपटल पुन्हा हलू लागलं. म्हणजे शाबूत बाजूकडून पलीकडे जाणाऱ्या वाटा आधीपासूनच होत्या, फक्त निद्रिस्त. या विषयातल्या साऱ्या संशोधनात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मज्जारज्जूला विजेने चेतवून स्वतःचा श्वास परत आणण्याला अर्थ येतो तो अशा वाटांमुळे. थेट नसेला वीज देण्याचा मार्ग वेगळा: 1948 साली सार्नॉफ यांनी फ्रेनिक नसेला लयीत वीज देऊन माणसाचा श्वास चालवून दाखवला. साठच्या दशकात येल विद्यापीठात ग्लेन यांनी शरीरात बसवायचं उपकरण आणलं. घोड्यावरून पडून जायबंदी झालेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या श्वासपटलातच 2003 साली तारा बसवल्या गेल्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुखापतीनंतरच्या काही महिन्यांत पुष्कळांचा श्वास आपोआप सुधारतो, मग श्रेय विजेला कसं द्यायचं? म्हणूनच प्रतिमा हव्यात. एमआरआय इजा कुठे आणि किती ते दाखवतो, पण श्वासपटल कामाला लागलं की नाही हे सोनोग्राफीत दिसतं: श्वास घेताना त्याची जाडी वीस टक्क्यांनीही वाढत नसेल तर ते लुळं पडल्याची शंका घ्यावी. दोन्ही बाजूंची अशी मोजणी आठवड्यागणिक ठेवली, तर आपोआप आलेली सुधारणा आणि उपचाराने आलेली सुधारणा वेगळी काढायला पाया मिळतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जिथे साधा व्हेंटिलेटर मिळवायला धावाधाव होते, तिथे शरीरात बसवायच्या तारांची चर्चा कशाला? 2020 च्या कोविडसाथीत मालेगाव राज्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या केंद्रांपैकी होतं. श्वासाच्या उपचारांची टंचाई काय असते हे त्या शहराला सांगावं लागत नाही. तरीही हा आक्षेप अर्धाच खरा आहे. उपकरण महाग आहे, मोजणी नाही. शिवाय मानेखालची इजा झालेल्यांपैकी अनेकांचा श्वास चालतो, पण खोकला उरत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. क्लीव्हलंडमध्ये डिमार्को यांनी पाठीतल्या मज्जारज्जूला वीज देऊन खोकला परत आणता येतो हे दाखवलं आहे. राहिली मोजणी: आपल्याकडे सोनोग्राफी यंत्रांवर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक नजर आहे, आणि ती असायलाच हवी. पण नोंदणीकृत रुग्णालयात दाखल रुग्णाचं श्वासपटल मोजायला तो कायदा आड येत नाही.