पॉवर बीआयमध्ये मेनी-टू-मेनी रिलेशनशिप कशी हाताळायची?

अंधेरी स्टेशन कोणत्या लाइनवर येतं? पश्चिम, हार्बर आणि मेट्रो १, तिन्हींवर. मेट्रो १ वर अंधेरीसोबत घाटकोपरही आहे. म्हणजे एका स्टेशनला अनेक लाइन आणि एका लाइनवर अनेक स्टेशनं. यालाच मेनी-टू-मेनी रिलेशनशिप म्हणतात.

मी यात एकदा चांगलाच फसलो. एका दुकानदाराची अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर स्टेशनांजवळ दुकानं होती. त्याला लाइननुसार विक्री बघायची होती. सोयीसाठी महिन्याची विक्री अनुक्रमे ३, २, १ आणि २ लाख धरू. एकूण ८ लाख. मी विक्रीचं टेबल स्टेशन-लाइनच्या यादीशी सरळ मर्ज केलं. अंधेरीची विक्री तीनदा मोजली गेली, घाटकोपरची दोनदा, आणि बेरीज आली १६ लाख! या आकड्यावर तो पुढचा माल मागवणार होता. नशीब, वेळेत लक्षात आलं.

उपाय: ब्रिज टेबल

१. 'स्टेशन' टेबल बनवा. प्रत्येक स्टेशन एकदाच, म्हणजे ४ ओळी.
२. 'लाइन' टेबल बनवा: पश्चिम, मध्य, हार्बर, मेट्रो १.
३. 'ब्रिज' टेबलमध्ये फक्त जोड्या ठेवा: अंधेरी-पश्चिम, अंधेरी-हार्बर वगैरे. आपल्याकडे ७ जोड्या होतात.
४. स्टेशन ते विक्री, स्टेशन ते ब्रिज आणि लाइन ते ब्रिज अशा तीन वन-टू-मेनी रिलेशनशिप जोडा.
५. लाइनचा फिल्टर ब्रिजपर्यंत येऊन थांबतो. म्हणून फक्त स्टेशन-ब्रिज रिलेशनशिपची क्रॉस फिल्टर डिरेक्शन 'बोथ' करा. सगळीकडे 'बोथ' केलंत तर मोठ्या मॉडेलमध्ये फिल्टर कुठून कुठे जातोय तेच कळत नाही. हेच काम एखाद्या मेजरपुरतं 'क्रॉसफिल्टर' फंक्शननेही होतं.

आता पश्चिम ५, मध्य ३, हार्बर ३, मेट्रो ५ आणि एकूण ८ लाख दिसेल. ओळींची बेरीज १६ होते, पण टोटल ८ हीच बरोबर, कारण अंधेरीची विक्री तीन लाइनींत दिसली तरी पैसे एकदाच आले आहेत.

रिपोर्टखाली ही गोष्ट एका ओळीत लिहाच. नाहीतर कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसतं आणि बरोबर रिपोर्टवरचा विश्वास उडतो.