प्रवेशाधिकार व्यवस्थापन, बंदरातील
बंदराच्या आवारात व संगणकप्रणालीत कोणाला किती अधिकार द्यायचे, हे ठरवण्याची, नोंदवण्याची व ते काढून घेण्याची पद्धत. आंतरराष्ट्रीय सागरी वाहतूक हाताळणाऱ्या बंदरांना १ जुलै २००४ पासून आंतरराष्ट्रीय जहाज व बंदर-सुविधा सुरक्षा (आयएसपीएस) संहितेनुसार प्रवेशनियंत्रण बंधनकारक आहे. संगणकप्रणालीतील वापरकर्ता-खात्याचे सर्वसाधारण टप्पे : कर्मचाऱ्याचा अर्ज, विभागप्रमुखाची मंजुरी, कामापुरतेच अधिकार व ठरावीक मुदतीने फेरतपासणी. मंजुरी देणारा व खाते उघडणारा वेगवेगळे असावेत. बदली वा निवृत्ती होताच खाते बंद करतात. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालीच्या लॉग-नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.