देवलांची तार आणि गल्लीतला भोपळा

गाणे ऐकायचे असते, मोजायचे नसते, असे म्हणणारे मिरजेत पुष्कळ भेटतील. कृष्णाजी बल्लाळ देवल मात्र मोजायला बसले. हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि समोर गळा साक्षात अब्दुल करीम खाँसाहेबांचा! खाँसाहेबांनी स्वर लावायचा, देवलांनी तो तारेवर मिळवून लांबी टिपायची. १९१० साली देवलांचे बावीस श्रुतींवरचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवरचे, इंग्रजी पुस्तक निघाले. साताऱ्याला जज्ज असलेल्या क्लेमेंट्ससाहेबांनी विषय उचलून धरला.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे आकडे दिसले की आलेखावर ठिपके मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा ३६ इंचांची तार २४० कंपनांच्या षड्जाला लावली. मग २७ इंचांवर मध्यम ३२०, २४ वर पंचम ३६०, १८ वर वरचा षड्ज ४८०. लांबी आडव्या अक्षावर घेतली की ठिपके उजवीकडे उतरत जातात. लांबी वाढते तसा स्वर खाली, म्हणजे सहसंबंध ऋण. शुद्ध सप्तकाच्या आठ ठिपक्यांचा गुणांक येतो उणे ०.९८. उणे १ का नाही? नियम तर काटेकोर आहे: लांबी निम्मी, कंपने दुप्पट. पण ठिपके वक्रावर बसतात आणि हा गुणांक सरळ रेषेपुरतेच बोलतो. संख्याशास्त्री गाल्टनने लंडनमध्ये १८८८ साली सहसंबंध मोजायची रीत मांडली होती. तारेपुरती देवलांना तिची गरज नव्हती.

गरज आहे ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. तिथले फरीदसाहेब शिकलगार हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते तंबोऱ्याकडे वळले. भोपळे पंढरपूरकडून येतात. कारागीर भोपळा हातात फिरवतो, टिचकी मारून कान लावतो. घेर मोठा तर गाज जास्त, असा कल आहे खरा. पण घेर आणि गाज यांचे ठिपके मांडले तर रेघ दिसणार नाही, वर चढणारा विस्कळीत ढग दिसेल. भोपळ्याची जाडी, तबलीचे लाकूड, घोडीवरची जवारी (तारेला गुंजवणारी घासाई), सगळेच मध्ये हात घालतात. किंमत आणि गोडवा यांचा आलेख तर विचारूच नका. नक्षीने किंमत चढते, जवारी काही तिने सुधारत नाही.

१९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत क्लेमेंट्ससाहेबांची, याच बावीस श्रुतींची, श्रुति-हार्मोनियम मांडली गेली. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या ती गळी उतरली नाही. माझ्या मते घोटाळा तारेत नव्हता. लांबी आणि कंपने यांचे नाते कोणीही तपासावे. अडचण होती गायकांची. कोमल गंधार एक गवई जिथे लावतो तिथेच दुसरा लावेल असे नाही, तोच गवई दुसऱ्या रागात तो हलवतो. देवलांनी मुख्यतः एका गळ्याचे ठिपके घेतले, आणि खाँसाहेबांचा गळा काही सरासरी गळा नव्हता.