पेट्रोलवरचे यंत्र घरात ठेवताना घ्यायची काळजी

पावसाळा संपला की ग्रास कटर माळ्यावर जातो, फवारणीचा पंप पडवीच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि छोटा जनरेटर जिन्याखाली सरकवला जातो. यंत्र बंद झाले म्हणजे धोका संपला, असे आपल्याला वाटते. पण काही गंभीर अपघात यंत्र रिकामे करताना, साफ करताना किंवा उरलेले पेट्रोल घरात ठेवल्यामुळे होतात. शिवाय त्रास होतो तो अनेकदा यंत्राला कधी हातही न लावलेल्या माणसाला.

टाकी रिकामी करताना तोंडाने ओढू नका

बरेच दिवस पडून राहिलेले पेट्रोल खराब होते. त्यातले इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि कार्बोरेटर चोंदतो. म्हणून टाकी रिकामी करणे योग्यच आहे. पण नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे धोक्याचे आहे. पेट्रोल अतिशय पातळ असते. ठसका लागला तर थोडेसेही श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते आणि तिथे सूज येते. यालाच रासायनिक न्यूमोनिया म्हणतात.

इंजिन गार असताना, मोकळ्या जागी, नरसाळे लावून किंवा प्लास्टिकच्या छोट्या हातपंपाने पेट्रोल काढा. नंतर यंत्र बाहेरच सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

उरलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नको

लहान मुले पेट्रोल पितात ती बहुतेक वेळा पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीतून. पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा डबा वापरा, त्यावर ठळक लिहा आणि तो घराबाहेर, कुलूपबंद, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवा.

कोणी पेट्रोल प्यायले तर:

- उलटी करवू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात जाण्याची भीती असते.
- मिठाचे पाणी, दूध, तेल, तूप काहीही पाजू नका.
- पेट्रोल सांडलेले कपडे काढा, त्वचा साबणाने धुवा.
- माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात न्या. खोकला, धाप, गुंगी काही तासांनी सुरू होऊ शकते आणि सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. बाटली सोबत न्या.

इंजिन घरात चालू करू नका

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पडवी, गॅरेज, बाल्कनी किंवा खिडकी उघडी ठेवलेली खोली यांपैकी काहीही सुरक्षित नाही. जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर, धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा ठेवा.

घरातल्या दोघातिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळ आणि चक्कर सुरू झाली, तर ॲसिडिटी समजून गोळी घेऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि 108 ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. आकडा 98 दिसला तरी विषबाधा असू शकते. रुग्णालयात जनरेटर चालू होता हे आवर्जून सांगा, म्हणजे रक्ताची नेमकी तपासणी होईल आणि ऑक्सिजन लगेच सुरू करता येईल.

गरम इंजिनात पेट्रोल भरू नका

वीज गेलेली असताना, अंधारात घाईने पेट्रोल भरले जाते. इंजिन बंद करा, किमान 15 मिनिटे गार होऊ द्या आणि उजेडासाठी बॅटरी वापरा, मेणबत्ती नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंत, गॅसपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत पोहोचते.

कपड्यांना आग लागली तर धावू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नका. चेहरा, हात किंवा मोठा भाग भाजला असेल तर थेट रुग्णालय गाठा.

पाते साफ करण्याआधी

इंजिन बंद असले तरी पाते हाताने फिरवताना ते अचानक सुरू होऊ शकते. म्हणून आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, मगच अडकलेले गवत काढा. बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा. तुटलेला भाग ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लावू नका.

यंत्र माळ्यावर चढवण्यापूर्वी एवढे तपासा: टाकी रिकामी, इंजिन गार, टोपी काढलेली, पेट्रोलचा डबा घराबाहेर. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा, कारण पुढच्या वेळी ते यंत्र दुसरेच कोणीतरी खाली काढणार असते.