सूत्रधाराचा हजेरीपट

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज एकच असतात. त्यांची जागा वसुबारसेच्या आधीच ठरलेली असते. सिंहासन वर, बालेकिल्ल्यावर, त्यात कोणाचे दुमत होत नाही. पोरांचा खरा वाद होतो तो बाकीच्या मंडळींवरून. घागर घेतलेली बाई विहिरीपाशी ठेवायची की चढावर? भालदार दोन आणि दरवाजे तीन, तेव्हा तिसऱ्या दरवाजावर कोण? गेल्या वर्षी मान मोडलेल्या मावळ्याला यंदा पहाऱ्यावर उभे करता येत नाही, म्हणून त्याला तंबूत आजारी म्हणून निजवायचे, आणि मग आजारी आहे म्हटल्यावर त्याच्यासाठी वैद्यही हवा. एवढी माणसे जागच्या जागी बसली, पेरलेले हळीव उगवून आले, की मातीच्या ढिगाचा किल्ला होतो. नुसत्या महाराजांच्या मूर्तीने तो होत नाही. मूर्ती तर वर्षभर कपाटावरही असते.

हा वाद मला अलीकडे फार आठवतो, याचे कारण आमच्या घरांतली तरुण मुले जो एक खेळ टेबलाभोवती बसून खेळतात, त्यात तंतोतंत हाच पेच आहे. पाचसहा जण जमतात. कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा समोर असतो. प्रत्येकाने एकेक भूमिका घेतलेली असते. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. एक जण मात्र कोणतीच भूमिका घेत नाही. तो गोष्ट सांगतो, आणि "आता तुम्ही काय करता?" असे विचारतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. खेळाडूंनी घेतलेल्या पाच भूमिका सोडल्या, तर त्या काल्पनिक जगातली यच्चयावत माणसे, म्हणजे खानावळवाला, नाक्यावरचा शिपाई, राजा, राजाचा रुसलेला मेहुणा, ही सगळी सूत्रधाराच्या गळ्यात असतात. त्यांना खेळाडू नसतो, म्हणून ती बिनखेळाडू पात्रे; मुले इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना एन्‌पीसी म्हणतात.

आता ही माणसे सांभाळायची कशी? भाद्रपदात भेटलेल्या शिपायाचे नाव सूत्रधाराने त्या घटकेला सुचेल ते ठेवले, आणि मार्गशीर्षात खेळाडू परत त्याच नाक्यावर येऊन त्याला नावाने हाक मारतात. सूत्रधाराला नाव आठवत नाही, त्याने लाच घेतली होती की नाकारली होती तेही आठवत नाही. तेवढ्यात ते जग कोसळते. नाक्यावर माणूस नव्हताच, नुसते चित्र होते, हे उघड होते.

या पेचाची वंशावळ थोडक्यात सांगितली पाहिजे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून एका पंचाच्या हाती देत, आणि पंच ठोकळे हलवी. पंच आला, पण त्या खेळात नागरिक नव्हते, फक्त पलटणी होत्या. पुढे १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या कल्पित गावाचा खेळ मांडला आणि दोन सेनापतींखेरीज गावचा नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू अशाही भूमिका वाटल्या. त्या मंडळींतलाच डेव्ह आर्नेसन. त्याने आणि विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून संसार चालवणाऱ्या गॅरी गायगॅक्सने मिळून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने छापला. बिनखेळाडू पात्र हा शब्द त्या पुस्तिकांतच आहे. पदरी किती चाकर ठेवता येतील, ते किती इमानी राहतील, अनोळखी माणूस तुम्हांला पाहून हसेल की सुरी काढील, हे ठरवण्याची कोष्टकेही त्यांत आहेत. १९७९च्या सूत्रधारासाठीच्या जाडजूड ग्रंथात तर माणसाचा स्वभाव, रूप, आवडीनिवडी यांच्या याद्याच दिल्या आहेत. फासा टाकावा आणि माणूस काढावा!

हे सारे परक्या मुलखातले, असे वाचकांना वाटेल. परंतु बिनखेळाडू माणसांची नोंद कशी ठेवावी याचे उत्तम नमुने आपल्या मावळातच आहेत. मळवली स्टेशनावर उतरावे. उत्तरेला कार्ल्याचा डोंगर, दक्षिणेला भाजे आणि त्यांच्या माथ्यावर लोहगड-विसापूर.

कार्ल्याला लोक एकवीरेच्या दर्शनाला जातात आणि शेजारचे चैत्यगृह ओझरते पाहतात. थोडे थांबून खांबांवरची अक्षरे पाहावीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे आहेत ती. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे एक लेख म्हणतो. श्रीमंताच्या तोंडी शोभेलसे ते वाक्य आहे. पण बाकीचे लेख पाहा. धेनुकाकटाचा सिंहदत्त, धंदा अत्तरे विकण्याचा, त्याने दाराचे दान दिले. धेनुकाकटाचाच सामी, वेणुवासाचा मुलगा, सुतार, त्याने दाराचे काम केले. एक खांब एका यवनाचा, दुसरा सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या ग्रंथपाठकाचा. हे धेनुकाकट नेमके कोठे होते यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. आणि तरी त्या गावचा सुतार आपल्याला नावाने, बापाच्या नावाने आणि कामाने ठाऊक आहे.

नाव, गाव, धंदा, आणि त्याने केलेली एक गोष्ट. बस्स, एवढेच. नाकाचा आकार नाही, केसांचा रंग नाही, बालपणीचे दुःख नाही. १९७९च्या ग्रंथातली लांबलचक कोष्टके एका बाजूला ठेवावीत आणि कार्ल्याचा एक खांब दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर सूत्रधाराने खांबाचे अनुकरण करावे. कारण केलेली एक गोष्ट नोंदली, की माणसाशी पुन्हा बोलता येते. "दार अजून नीट बसते का हो, सामीबोवा?" असे त्याला विचारता येते. नाकाच्या आकारावरून संभाषण पुढे जात नाही.

स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला लोहगड. १६६५ साली पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो होता; १६७० साली तो परत स्वराज्यात आला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांतही तो आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे ओलांडून वर जाताना सर्वांचे लक्ष बुरुजांकडे असते. मी मात्र वाचकांना येथे राबणाऱ्या माणसांच्या मांडणीकडे पाहावयास सांगतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७च्या सुमारास जी बखर लिहिली, तीत गडाच्या कारभाराची रीत दिली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे सारख्या मानाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करावयाचा. हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, दाणागोटा आणि सामान कारखानिसाकडे. गडाचा घेर मोठा असेल तर तटसरनोबत निराळे. आणि खाली प्रत्येक दहा माणसांत नऊ पाईक व दहावा नाईक.

एका माणसाच्या फितुरीने किल्ला जाऊ नये, हा यातला मुख्य धोरणीपणा सर्वजण सांगतात आणि तो खराच आहे. पण यात आणखी एक सोय आहे. पाचशे माणसे कोणाच्याही ध्यानात राहात नाहीत. पन्नास नाईक राहतात. नाईक आपले नऊ ओळखतो, तटसरनोबत आपले नाईक ओळखतो. कोणत्याही एका माणसाला डोक्यात फार मोठी गर्दी वागवावी लागत नाही, आणि तरीही गडावर अनोळखी असा कोणी उरत नाही. खेळात किल्ला आणू पाहणाऱ्या सूत्रधाराला याहून चांगला धडा कोणता मिळणार? त्याने तीन अधिकारी पक्के करावेत, तिघांत एकेक जुनी अढी ठेवावी, म्हणजे खेळाडूंनी एकाला वश केले तरी दोघे उरतात. नाईक नावाने लिहावेत. पाईक ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी त्याला नाव द्यावे.

सबनिसाचे काम आता यंत्राकडे आले आहे. २००४ साली 'फँटसी ग्राउंड्स' आणि २०१२ साली 'रोल-ट्वेंटी' ही आभासी टेबले निघाली. २०२०मध्ये 'फाउंड्री' आले. पडद्यावर नकाशा असतो, त्यावर सोंगट्या असतात, आणि सोंगटीवर बोट ठेवले की त्या पात्राचा सगळा कागद उलगडतो. मला सर्वांत गंमत वाटली ती एका सोयीची. नकाशाला एक अदृश्य पदर असतो. त्यावर ठेवलेल्या सोंगट्या फक्त सूत्रधाराला दिसतात. झाडीत दबा धरलेले दहा लोक तेथे आधीपासून बसलेले असतात, आणि वेळ आली की सूत्रधार त्यांना उघड्या पदरावर आणतो. दशावतारात पडद्यामागे संकासुर तयार होऊन उभा असतो तसेच हे. लढाईच्या वेळी कोणाची पाळी आधी, कोणाला जखम किती, याची मोजदादही यंत्रच ठेवते, आणि सूत्रधाराची बोटे मोजण्यातून सुटतात.

ज्यांना नकाशा नको, नुसती वही हवी, त्यांच्यासाठी एकमेकांना जोडलेली टिपणे करता येतात. सुताराच्या टिपणात गावाचे नाव लिहिले की तेथून गावाच्या टिपणावर जाता येते, आणि गावाच्या टिपणात तेथल्या सर्व माणसांची यादी आपोआप दिसते. साधे एक्सेलचे पत्रकही बरेच काम भागवते. नाव, गाव, धंदा, केलेली गोष्ट, आणि पाचवा रकाना शेवटच्या भेटीचा. हा पाचवा रकाना कार्ल्याच्या खांबावर नव्हता, आणि सूत्रधाराला त्याचीच सर्वांत जास्त गरज पडते.

दोष आहेत, नाहीत असे नाही. बटण दाबले की शंभर माणसे मिळतात, म्हणून सूत्रधार शंभर माणसे घेऊन बसतो आणि खेळाडू समोर वाट पाहात असताना पडद्यावर नाव शोधीत राहतो. तयार नावांच्या याद्या बहुतेक युरोपी वळणाच्या. पवन मावळातल्या पाटलाचे नाव त्यांतून निघणे कठीण. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅट-जीपीटी आल्यापासून तर यंत्र पात्राच्या तोंडचे संवादही लिहून देते. परंतु सांगितले नाही तर त्याचे शिपाई, सावकार, दरोडेखोर सगळे एकाच अदबीने बोलतात आणि विचारल्याबरोबर सारी गुपिते सांगून टाकतात. असला शिपाई लोहगडाच्या दरवाजावर ठेवला असता तर गड दुपारपर्यंतही टिकला नसता.

नोंदच झाली नाही तर काय होते, हेही याच मुलखात दिसते. मळवलीहून लोणावळा, खंडाळा आणि तेथून बोरघाट उतरणारी रेल्वे. काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट खुला झाला. पंधरासोळा मैलांत १८३१ फूट चढायचे, पंचवीस बोगदे खोदायचे. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. पहिल्या कंत्राटदाराने, फॅविएलने, १८५९ साली काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघांना हाताशी धरून ते तडीस नेले. ही सारी नावे आपल्याला ठाऊक आहेत. आणि १८६१च्या जानेवारीत या घाटात बेचाळीस हजारांवर मजूर काम करीत होते, हेही ठाऊक आहे. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो गेले.

बेचाळीस हजार हा आकडा आहे, हजेरीपट नव्हे. मुकादमांकडे हजेरी असलीच पाहिजे, नाहीतर पगार वाटला कसा? पण इतिहासाच्या पुस्तकांत ती उतरली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराला बापाचे नाव आहे, आणि आपल्या खापरपणज्यांच्या पिढीतल्या, याच डोंगरात सुरुंग लावणाऱ्याला स्वतःचेही नाही. लोकांना ते सहन झाले नसावे. घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, आणि वाट दाखवल्यावर साहेबाने त्यालाच मारले, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण तिची घडण पाहा: नाव, जात-धंदा, आणि केलेली एक गोष्ट. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर तेथे अजून नाणे टाकतात.

यंदाच्या सुट्टीत घरातल्या मुलांनी हा खेळ मांडायचे म्हटले, आणि ड्रॅगनचा डोंगर न घेता बोरघाट घेतला, तर त्यांना बर्कली आणि बाई ट्रेडवेल आयत्या मिळतील. बाकीची माणसे करावी लागतील. त्यासाठी आजीला विचारून जुन्या बायकापुरुषांची नावे उतरून घ्यावीत, मावळातल्या गावांची यादी नकाशावरून करावी, आणि धंदे म्हणून पाथरवट, बेलदार, भिस्ती, सुरुंगवाला, मुकादम, लोहार, भाकऱ्या भाजणारी बाई एवढे पुरेत. दहा माणसांमागे एक मुकादम नावाने लिहावा. पत्रकातली पहिली ओळ मात्र मी कार्ल्याहून घेईन: सामी, धेनुकाकट, सुतार, दार केले. शेवटच्या भेटीचा रकाना तूर्त कोरा.