टेबलावरून उचलून ठेवता येणारं यंत्र



टाइपरायटर म्हटलं की आपल्याला कचेरी आठवते. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे, शाळेच्या ऑफिसातले क्लार्क, नाहीतर मॅट्रिक झाल्यावर मुलींना घातला जाणारा टायपिंगचा क्लास. तिशीची, चाळिशीची परीक्षा दिलेल्या कितीतरी जणी आपल्यातही असतील. या कचेरीतल्या जड यंत्राला एक धाकटी बहीण होती. हँडलच्या पेटीत बसणारी, हातात धरून कुठेही नेता येणारी. लेखकांनी, आणि विशेषतः लिहिणाऱ्या बायकांनी, जीव लावला तो हिला. आज तिची गोष्ट सांगते.

आधी थोरलीबद्दल थोडं. अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या सोबत्यांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. ते बाजारात आणलं रेमिंग्टन कंपनीने, १८७४ मध्ये. ही कंपनी बंदुका बनवायची आणि शिलाई मशीनही. टाइपरायटर तयार झाला तो शिलाई मशीनच्या विभागात, आणि ते दिसतही होतं. पहिल्या यंत्राला शिलाई मशीनसारखं लोखंडी स्टँड होतं, अंगावर रंगीत फुलं काढलेली होती, आणि ओळ संपली की कागद परत सुरुवातीला आणायला पायडल मारावं लागे! अक्षरं फक्त मोठ्या लिपीतली. शिवाय ती कागदावर खालच्या बाजूने उमटत, म्हणून काय लिहिलं ते बघायला वरचा भाग उचलावा लागे.

या यंत्राने बायकांना घराबाहेरची नोकरी दिली हे खरं. न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीए संस्थेने १८८१ मध्ये मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला आणि पुढे कचेऱ्या टायपिस्ट मुलींनी भरून गेल्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या मुली दिवसभर टाइप करत होत्या ते दुसऱ्याचं. साहेबाने सांगायचं, तिने उमटवायचं. बोटं तिची, शब्द त्याचे.

स्वतःचे शब्द लिहायचे तर यंत्र घरी हवं, आणि कचेरीतलं धूड घरी कोण आणणार? बारा-पंधरा किलोचं ते लोखंड एकदा टेबलावर ठेवलं की तिथेच राहणार. ज्याला लिहायची वेगळी खोली आहे त्याला ते चालेल. जिचं लिहायचं टेबल म्हणजेच जेवायचं टेबल, तिने काय करायचं?

यावरचा तोडगा हळूहळू निघाला. १९१२ मध्ये कोरोना ३ हे मॉडेल आलं. वजन तीन किलोच्या आत, आणि वरचा भाग पुढे दुमडून पेटीत बसायचा. पहिल्या महायुद्धात वार्ताहरांनी ते सोबत नेलं. अर्नेस्ट हेमिंग्वे यांना १९२१ मध्ये बाविसाव्या वाढदिवसाला हॅडली यांनी कोरोनाच भेट दिला. पुढे त्यांचं लग्न झालं. १९२० मध्ये रेमिंग्टनने कचेरीतल्या यंत्रासारख्याच चार ओळींच्या कळा असलेला छोटा टाइपरायटर काढला, त्यामुळे क्लासात शिकलेली बोटं घरीही तशीच चालू लागली. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडमधून हर्मीस बेबी आला, बंद केला की जाडजूड वहीएवढा. आणि १९५० मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावच्या ऑलिव्हेटी कंपनीने लेटेरा २२ काढला. मार्चेल्लो निझोली यांनी त्याला इतकं सुबक रूप दिलं की १९५४ मध्ये त्याला इटलीचा कंपासो दोरो हा डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला. वजन चार किलोच्या आत. पाच किलोचा पिठाचा डबा आपण रोज उचलतो, त्याहून हलका!

आता लेखकांना यात एवढं काय आवडलं? एक तर हे यंत्र वीज मागत नाही. कुठेही मांडा, काम झालं की झाकण लावून कपाटात ठेवा. दुसरं, ते लिहिण्याखेरीज काहीच करत नाही. तिसरं म्हणजे मागे जाऊन पुसायची सोय नाही, त्यामुळे माणूस वाक्य आधी मनात जुळवतो आणि मग कळ दाबतो. रांगोळीचे ठिपके घालताना पुढची ओळ मनात धरतो ना, तसंच. कार्बन पेपर घातला की दुसरी प्रत तिथल्या तिथे तयार. आणि टाइप केलेलं पान संपादकाकडे गेलं की त्यावर अक्षराचं वळण नसतं. घाईत, लेकराला सांभाळत लिहिलेलं पानही तितकंच नीट दिसतं.

कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांचं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. लग्नानंतर त्यांनी पती टेड ह्यूज यांच्या कविता स्वतः टाइप करून एका स्पर्धेला पाठवल्या. त्या जिंकल्या आणि १९५७ मध्ये ह्यूज यांचा पहिला संग्रह निघाला. म्हणजे इथेही आधी दुसऱ्याचेच शब्द. पण त्यांनी स्वतःचं लिहिणं सोडलं नाही. दोन लहान मुलं, घर, स्वयंपाक. १९६२ च्या शेवटी त्या पहाटे चारच्या सुमारास, मुलं उठायच्या आत, कविता लिहीत. आधी हाताने, मग टाइप करून. त्यांची ‘द बेल जार’ ही कादंबरी हर्मीस ३००० या छोट्या टाइपरायटरवर टाइप झाली आणि जानेवारी १९६३ मध्ये टोपणनावाने निघाली. २०१८ मध्ये त्या यंत्राचा लिलाव झाला तेव्हा ३२,५०० पौंड मिळाले. यंत्राला किंमत आली ती अर्थात त्या पहाटेमुळे.

आपल्याकडे काय झालं? १९५५ मध्ये मुंबईच्या गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, पण तो कचेरीचाच. मराठीची अडचण वेगळीच होती. काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं हे सगळं मूठभर कळांवर बसवायचं. काही कळा अशा की दाबल्यावर कागद पुढेच सरकत नाही, म्हणजे पुढचं अक्षर त्याच जागी येऊन जुळतं. हे बोटात बसायला क्लासच हवा. म्हणून आपले बहुतेक लेखक हातानेच लिहीत राहिले, आणि मराठी टाइपरायटर राहिला अर्ज-परिपत्रकांचा. २००९ मध्ये गोदरेजनेही उत्पादन थांबवलं.

त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांचा लेटेरा ३२ लिलावात २,५४,५०० डॉलरला गेला. त्यांनी तो जुना म्हणून ५० डॉलरला घेतला होता. आलेले पैसे त्यांनी एका संशोधन संस्थेला दिले, आणि एका मित्राने त्यांना तसाच दुसरा आणून दिला. किंमत वीस डॉलरच्या आत! मॅकार्थी पुन्हा लिहायला लागले.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. मऊ ब्रशने धूळ झाडा, अक्षरांच्या दांड्यांवर तेल मात्र घालू नका, त्याने धूळ चिकटून त्या अडकतात. रिबन वाळली असेल तर नवी अजून मिळते. आणि एक पान टाइप करा. पत्र असो, आजीची पाककृती असो, नाहीतर कुणाला न दाखवायचं काही असो. फक्त ते तुमच्या शब्दांत असू द्या.