चकाकीचे कष्ट कोणाच्या वाट्याला? पितळ, निकेल आणि क्रोमचा इतिहास

१/ सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२. दोशी कुटुंबात वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. याच सोलापूरकराने १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली. १९४७ पासून मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. या कारखान्याची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे पुढे आलेली ‘पद्मिनी’.

२/ आज जुनी पद्मिनी हौसेने सजवणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. बंपर, व्हील कॅप आणि आरशाची चौकट यांना चकाकी कशाची द्यावी? निकेलची, क्रोमची, की घासून उजळलेल्या स्टीलची? वरवर हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र त्याच्या इतिहासात दुसराच प्रश्न दडलेला आहे: ही चकाकी टिकवण्याचे कष्ट कोणी उपसायचे?

३/ सुरुवात पितळेपासून. आरंभीच्या मोटारींचे दिवे, भोंगे आणि रेडिएटर पितळेचे असत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा रेडिएटरही १९१६ पर्यंत पितळी होता. पितळ दिसते देखणे, पण हवेने काळवंडते. घरची समई चिंचेने घासणाऱ्याला हे सांगायला नको. ज्याच्या पदरी नोकर, त्याचीच मोटार झळकत असे.

४/ एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पितळी पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथिलाचा पातळ थर फिरवी. थर झिजला की पुन्हा कल्हई. हे काम दारात, सर्वांच्या डोळ्यांदेखत होई. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा.

५/ मोटारींच्या बाबतीत हा थर विजेच्या साहाय्याने बसू लागला. पितळेची जागा निकेलने घेतली. १९१६ मध्ये अमेरिकेतील ऑलिव्हर वॉट्स यांनी निकेल मुलाम्याचे जे द्रावण सुचवले, त्याचीच रूपे आजही वापरात आहेत. निकेलची झळाळी किंचित पिवळसर, ऊबदार असते. पण तेही कालांतराने मंदावते आणि पुन्हा घासावे लागते.

६/ मग आले क्रोम. १९२० च्या दशकाच्या मध्यात कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक व चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोम मुलाम्याला व्यापारी रूप दिले. गुपित होते प्रमाणात. क्रोमिक आम्लाच्या साधारण शंभर भागांस सल्फेटचा एक भाग असला की थर नीट बसतो. निळसर, आरशासारखी आणि फडके फिरवताच उजळणारी ही चकाकी काही वर्षांतच मोटारींवर सर्वत्र पसरली.

७/ येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. शोभेच्या क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागाहून कमी. गंज अडवण्याचे खरे काम त्याखालचे निकेल करते. स्टीलवर अनेकदा आधी तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम, असा क्रम असतो. सर्वांत खाली असते बफिंग. तिथे राहिलेला ओरखडा क्रोम झाकत नाही, उलट उठून दाखवते.

८/ याचा पुरावा इतिहासानेच दिला. कोरियन युद्धाच्या काळात (१९५०–५३) अमेरिकेत निकेल युद्धसामग्रीकडे वळले आणि शोभेच्या मुलाम्यासाठी त्याच्या वापरावर निर्बंध आले. निकेलविना दिलेले क्रोम टिकेना. त्या वर्षांतील अनेक गाड्यांचे बंपर लवकर गंजले.

९/ क्रोमने मालकाच्या घरचे घासणे संपवले. ते कष्ट गेले कुठे? मुलाम्याच्या हौदापाशी. त्या द्रावणातील षट्संयुजी, म्हणजेच हेक्साव्हॅलंट, क्रोमियमचे तुषार श्वासात जातात. त्वचेवर व्रण पडतात, नाकातील पडद्याला छिद्र पडू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये ही संयुगे मानवात कर्करोग घडवणारी ठरवली.

१०/ त्याआधी येते खाण. भारतातील क्रोमाइटचा बहुतांश साठा ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे. २००७ मध्ये ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातील दहा अतिप्रदूषित ठिकाणांत सुकिंदाचे नाव घेतले. कारण तेच, पाण्यात उतरलेले षट्संयुजी क्रोमियम.

११/ पर्याय आहेत. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरासाठी विशेष परवानगी लागते. त्रिसंयुजी क्रोमची प्रक्रिया कितीतरी कमी घातक आहे, रंगछटेत मात्र किंचित फरक पडू शकतो. पर्याय जुनेही आहेत. फोर्डच्या ‘मॉडेल ए’च्या रेडिएटरचे कवच आधी निकेलचा मुलामा दिलेले होते, १९३० पासून ते गंजरोधक स्टीलचे झाले. तिथे मुलाम्याची गरजच उरली नाही.

१२/ इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर १९२५ पूर्वीच्या गाडीला पितळ किंवा निकेल शोभते, पद्मिनीला क्रोम. तरीही ‘कोणते क्रोम?’ हा प्रश्न उरतोच. कारागिराला तीन गोष्टी विचाराव्यात: खाली निकेलचा पुरेसा थर आहे का, द्रावण त्रिसंयुजी की षट्संयुजी, आणि हौदाचे सांडपाणी कुठे जाते?

१३/ ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. उरलेल्या गाड्या आता हौशी मालकांच्या हाती आहेत. कल्हईवाल्याचे कष्ट दारात दिसत, म्हणून त्यांचे मोल कळत असे. क्रोमचे कष्ट भिंतीआड गेले. आरशासारख्या बंपरमध्ये पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो, तो घडवणाऱ्याचा दिसत नाही. धातूची निवड करताना त्या चेहऱ्याचीही आठवण ठेवली, तर ती निवड खऱ्या अर्थाने जाणत्या रसिकाची ठरेल.

(थ्रेड समाप्त)